आवाज थांबतो

निरोप आला तेव्हा तिचा सकाळचा चहाही अजून संपायचा होता. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या त्या कार्यालयात असे निरोप रोज येत. कुणाला धडा मोठ्या अक्षरांत हवा असे, कुणाच्या फोनवर व्हिडिओ उघडत नसे, कुणी नुसतंच तडकलेलं असे आणि कशावर तडकलंय ते शेवटच्या ओळीपर्यंत कळत नसे. हा निरोप तडकलेला नव्हता, उलट फार सभ्य होता. "नमस्कार. ध्वनीच्या तिसऱ्या व्हिडिओत सर यंत्राचं बटण फिरवून आवाजाची पट्टी चढवत नेतात. कॅप्शनमध्ये सहा हजार हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सहा हजार कंपनांवर, 'आवाज थांबतो' असं लिहिलं आहे. पण पडद्यावरची लाट चालूच आहे, सरांचा हातही फिरतोच आहे आणि ते बोट वर करतात ते दहा हजारावर. आवाज थांबला असेल तर ती लाट कशाची? मला ऐकू येत नाही म्हणून विचारते आहे. सरांना कुठपर्यंत ऐकू आलं ते गृहपाठात लिहायचं आहे, शुक्रवारपर्यंत." तिनं तो वाचला, मग चहाचा एक घोट घेतला, मग पुन्हा वाचला. आत कुठेतरी बारीकसं काहीतरी हललं, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी काहीतरी घोळ घातला असणार, असं म्हणून तिनं ते तिथेच दाबून टाकलं.

घोळ निस्तरण्याचेच तर तिला पैसे मिळत. इमारतीच्या मागच्या अंगाला, जिथे ऊन फक्त भिंतीवर आपटून उरलेलं येतं, तिथे त्यांची खोली होती आणि खोलीत तीन टेबलं. एका टेबलावर चित्रवाला बसे. तो ज्यांना दिसत नाही त्या मुलांसाठी पुस्तकांतल्या चित्रांची वर्णनं लिही. बेडकाचं हृदय, नदीचा नकाशा, राजाचा पुतळा, जे येईल ते तो शब्दांत बसवी आणि दुपारनंतर वैतागून म्हणे, "या पुतळ्याच्या मिशा दोन ओळींत कशा बसवू, सांगा." दुसऱ्या टेबलावर ती. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक व्हिडिओखाली अक्षरं उमटवायची, सर काय बोलले ते आणि बोलण्याखेरीज जे जे वाजलं तेही, कंसात. दार करकरतं. वर्ग हसतो. मागून कुणीतरी खोकतं. तिसरं टेबल हिच्यासारखंच काम करणाऱ्या दुसरीचं, ते गेल्या वर्षापासून रिकामं होतं, कारण आता माणसाचं बोलणं यंत्र आपोआप उतरवून घेई आणि नुसती टंकणारी माणसं लागत नसत. दोघींतली एक जाणार हे ठरलं तेव्हा विभागाच्या मॅडमनी हिला ठेवलं. कारणही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं: शब्द यंत्र लिहील, पण बाकीचं ऐकायला कान लागतो आणि कान हिचा आहे. तेव्हापासून चित्रवाला तिला कानसेन म्हणायचा. ती वरवर नको नको म्हणे, पण ते नाव तिला आवडायचं. पन्नाशी गाठलेल्या बाईला, जिची घरी कुणी फारशी वाहवा करत नाही, तिला असं एखादं नाव पुरतं.

तिनं हेडफोन चढवले आणि ध्वनीचा तिसरा व्हिडिओ लावला. निवृत्त झालेले ते सर तिला आठवत होते, त्यांचे सगळेच धडे तिनं केले होते. स्वतःच्या घरातल्या टेबलामागे बसलेले, बाहीचं बटण तुटलेलं. "मी आता बोलणार नाही," सर म्हणाले. "मला ऐकू येईनासं झालं की मी बोट वर करीन. तुम्ही आपापलं बघा." मग बटण फिरायला लागलं. जाड घुमणारा आवाज पातळ होत गेला, पातळाचा बारीक झाला, बारीकाची सुई झाली आणि सहा हजारावर ती सुई बोथट होऊन नाहीशी झाली. सर मात्र बटण फिरवतच होते, डोळे मिटून, मान किंचित तिरकी. हे बघताना मागच्या खेपेला आपल्या मनात काय आलं होतं ते तिला लख्ख आठवलं. म्हातारे झाले बिचारे, बोट वर करायचं विसरले, असं आलं होतं. सर तिच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते. तिनं आवाज वाढवला, अजून वाढवला, हेडफोनची पिन काढून पाहिली, फुंकर मारली, पुन्हा खोचली आणि शेवटी हेडफोनच उपटून व्हिडिओ सरळ खोलीत सोडून दिला. लाट पडद्यावर दाट होत चालली होती आणि खोली शांत होती. दुपारी जेवल्यानंतर असते तशी शांत.

"अहो, बंद करा ते," चित्रवाला म्हणाला. त्यानं दोन्ही हात कानांवर दाबले होते. "दात शिवशिवायला लागले माझे."

"बंदच तर आहे," ती म्हणाली.

तो हसला. कानसेन थट्टा करते आहे असंच त्याला वाटलं आणि तसं वाटणं साहजिक होतं. तीही त्याच्यामागोमाग हसली. हसताना तिला कळलं की आपण त्याचा चेहरा बघून, एका क्षणानंतर हसलो. हे असं हसणं तिनं फार जवळून पाहिलेलं होतं.

बाबा छापखान्यात होते. आयुष्यभर यंत्रांच्या धडधडीत उभं राहून त्यांचे कान गेले, एकदम नाही, उतरत्या पायऱ्यांनी. आधी ते म्हणायला लागले की तुम्ही सगळे पुटपुटता. मग टीव्हीवरून भांडणं. मग जेवायला बसल्यावर सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघणं आणि सगळे हसले की मागून एकटंच हसणं, जरा जास्तच मोठ्यानं. डावा कान बरा होता म्हणून धाकटीला, म्हणजे हिला, त्या बाजूला बसवत. ती कानाशी तोंड नेऊन सगळं पुन्हा सांगे. सुरुवातीला शब्दन् शब्द सांगे, आत्याची नक्कलसुद्धा करून दाखवे. पुढे नुसता मतलब सांगायला लागली, कारण तोवर घास निवत आणि बोलणं पुढे निघून जाई. आणि पुढे पुढे, बाबा "काय झालं?" म्हणाले की आई, भाऊ, ती, जो कुणी जवळ असेल तो, एकच उत्तर देई: काही नाही. त्यात दुष्टावा नव्हता, नुसता कंटाळा होता. एकदा बाबा म्हणाले होते, "काही नाही कसं? एवढे हसलात ते काय उगाच?" त्यावर आई म्हणाली, "असंच हो." त्यानंतर त्यांनी विचारणंच सोडलं. इतकं शहाण्यासारखं सोडलं की घरातल्या सगळ्यांना बरंच वाटलं. या नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, याच कामाकडे का वळलात, तेव्हा तिनं बाबांचं सांगितलं होतं आणि सांगताना आवाज दाटला होता. दाटला तो खराच होता, पण दाटल्यामुळे नोकरी मिळाली हेही खरं.

दुपारभर ती काम करत असल्यासारखी बसली आणि एकेक गोष्ट आपापल्या पायांनी चालत येऊन तिच्यासमोर उभी राहिली. थर्मामीटर. लेकीला ताप आला होता तेव्हा मोजून झालं की वाजणारं ते नळकांडं तिनं लेकीच्या तोंडात ठेवलं. वाजेना. लेक डोळे वटारून, तोंड बंद ठेवून खुणा करत होती आणि ही म्हणत होती, थांब, अजून झालं नाही. थर्मामीटर बिघडलेलं निघालं म्हणून दुसरं आणलं, तेही बिघडलेलं निघालं, तेव्हा सगळं खापर दुकानदारावर फोडून झालं होतं. कपडे धुवायचं मशीन. झालं की ते किंचाळतं असं नवरा म्हणे. ती म्हणे, किंचाळत असेल तुझ्या राज्यात. ओले कपडे रात्रभर पडून कुबट व्हायचे आणि दोघंही एकमेकांवर कुबट व्हायचे. आणि पक्षी. या भागातले पक्षी गेले, असं तिनं किती जणांना ऐकवलं होतं. पूर्वी खिडकीत किलबिल असायची, आता बघा, टॉवर झाले, काचेच्या इमारती झाल्या, गेले सगळे. ऐकणारे माना डोलवत. आता तिनं खिडकीबाहेर पाहिलं तर समोरच्या पाइपावर दोन चिमण्या बसल्या होत्या आणि एकीची चोच उघडमीट होत होती. तिला त्या चिमणीचा राग आला. इतक्या दिवसांत कुणीतरी सांगायला हवं होतं की पक्षी आहेत. पण पक्षी आहेत असं कोण कुणाला सांगायला जातं?

सोपा मार्ग समोरच होता. ती एक ओळ पुसायची, सहाच्या जागी दहा करायचं, मुलीला "चूक दुरुस्त केली आहे, क्षमस्व" असं दोन शब्दांत कळवायचं आणि मोकळं व्हायचं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. मॅडमना तर नाहीच, त्या बिचाऱ्या स्वतःच वरून येणाऱ्या कागदांखाली गाडल्या गेलेल्या. तिनं ओळ पुसलीसुद्धा. मग तिला नर्सिंगचा अभ्यासक्रम आठवला आणि तिचा हात थांबला. तो तिनं गेल्या हिवाळ्यात केला होता, सलग, मान मोडेपर्यंत. तिनं त्यातला सलाइनच्या पंपाचा व्हिडिओ उघडला आणि आवाज पूर्ण बंद करून नुसता बघायला लागली. शिकवणारी बाई बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडून मागे वळते, पंपाचं बटण दाबते, परत येते आणि वाक्य पुरं करते. खाली कंसात काहीही नाही. दुसऱ्या व्हिडिओत रोग्याच्या उशाशी बसलेली मुलगी एकाएकी उठते. खाली काही नाही. तिसऱ्यात दोघी एकदमच मान फिरवतात. तिनं एकामागून एक व्हिडिओ पाहिले. तिनं केलेल्या व्हिडिओंत माणसं अशी कशावर तरी माना वळवत होती आणि कशावर ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या वर्गात कमी ऐकू येणाऱ्या दोन मुली होत्या. त्यांना काय वाटलं असेल? शिकवणारी बाई उगाच अधूनमधून मागे वळते, तिला तशी खोड असेल, असं वाटलं असेल. उद्या त्या कुणाच्या तरी उशाशी उभ्या राहणार होत्या. पंपावर दिवाही लागतो, सगळं काही आवाजावर नसतं, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं. ते समजावणं काही गळी उतरलं नाही. तिला एकदम फार दमायला झालं, मानेपासून खाली, आणि वाटलं की नुसतं टेबलावर डोकं ठेवावं आणि कुणीतरी येऊन कार्यालय बंद झालं असं सांगावं.

घरी नवरा नव्हता, कामासाठी दोन दिवस बाहेरगावी गेला होता. लेक सोफ्यावर आडवी, छातीवर फोन. लेक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि आईच्या मते गेली दोन वर्षं ती शब्द दातांतच ठेवून बोलत होती. नीट बोल, पुटपुटू नकोस, यावरून दोघींत रोज ठिणग्या उडत. आज तिनं मशीनमध्ये कपडे टाकले, ते सुरू केलं आणि लेकीला टेबलाशी बोलावलं. "हे कानाला लाव. तुला ऐकू येईनासं झालं की बोट वर कर."

"हे काय आता नवीन?"

"कामाचं आहे. कर ना एवढं."

लेकीनं हेडफोन लावले. तिनं हेडफोनची आपलीही एक जोडी जोडून घेतली होती. सरांचं बटण फिरायला लागलं. ती पडद्याकडे बघत नव्हती, लेकीकडे बघत होती. इतका वेळ तिनं या चेहऱ्याकडे कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. ताप आला होता तेव्हाच बहुधा. आवाज बारीक झाला, सुई झाला, सहा हजारावर गेला. तिच्या बाजूला सगळं मिटलं. लेकीच्या बाजूला काहीच मिटलं नव्हतं. तिच्या कपाळाला बारीक आठी पडली, ती जरा गहिरी झाली, एक डोळा अर्धवट मिटला. पडद्यावर सरांनी बोट वर केलं, दहा हजार. "आता तुमच्यासाठी पुढे नेतो," ते म्हणाले आणि पुढे नेलं. लेकीचं बोट खालीच होतं. तिला वाटलं, आता तरी कर, बाई. ते किती लांब होतं. तिथे एक अख्खा प्रदेश होता, त्यात चिमण्या होत्या, मशीन होतं, थर्मामीटर होतं, सलाइनचा पंप होता, आणि सगळी माणसं तिथे आरामात ये-जा करत होती. चौदा हजाराच्या पुढे केव्हातरी लेकीनं बोट वर केलं आणि आईकडे पाहिलं. पाहतच राहिली. तिला कळलं असावं. हेडफोन काढता काढता तिचे ओठ हलले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली. लेकीनं ते ज्या सुरात म्हटलं तो तिला पाठ होता, त्यात दुष्टावा अजिबात नव्हता. आईचा सूर तोच, भावाचा तोच आणि तिचा स्वतःचाही तोच. बाबांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हटलेला. आणि आज पहिल्यांदा ती त्या शब्दांच्या या बाजूला बसली होती. इथून ते दोन शब्द दार लावून घेतल्यासारखे वाटत होते आणि दाराच्या आत सगळे होते. बाबा इतकी वर्षं इथे कसे बसले असतील? आणि वर हसायचेही. तिला रडू आलं नाही, नुसती लाज वाटली. सहा हजारावर तिनंही एका अनोळखी मुलीला दुसऱ्या दोन शब्दांत तेच सांगितलं होतं, कंसात, सुबक अक्षरांत.

"परत म्हण," ती म्हणाली.

"अगं, असंच. सोड ना."

"माझ्याकडे बघून म्हण. नीट म्हण. मी ऐकते आहे."

लेक थोडा वेळ नखं कुरतडत राहिली. मग खुर्ची ओढून समोर आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "म्हटलं, तुझा चेहरा आजोबांसारखा झाला होता. सगळे बोलायला लागले की त्यांचा व्हायचा तसा."

"तुला आठवतो?"

"तेवढंच आठवतं त्यांचं," लेक म्हणाली.

तिनं लॅपटॉप पुढे ओढला आणि त्या मुलीला उत्तर लिहायला घेतलं. आधी "क्षमस्व" लिहिलं, मग ते पुसलं, कारण ते फार स्वस्त वाटलं. मग लिहिलं: "तुमचं बरोबर आहे. सहा हजारावर आवाज थांबला नव्हता, मला तो ऐकू यायचा थांबला होता आणि हे मला आज तुमच्यामुळे कळलं. सरांना दहा हजारापर्यंत ऐकू येतं. मी केलेल्या इतर व्हिडिओंतही बारीक आवाज राहून गेले असणार, नर्सिंगच्या अभ्यासक्रमात तर नक्कीच. ते सगळे दुसऱ्या कुणीतरी पुन्हा ऐकायला हवेत." त्याची एक प्रत मॅडमना जाईल असं तिनं केलं. बोट बटणावर ठेवून ती जरा थांबली. रिकामं तिसरं टेबल तिच्या डोळ्यांपुढे आलं, मग स्वतःचं टेबल, तेही रिकामं, आणि चित्रवाला एकटाच मिशांशी झटत असलेला. कानसेन हे नाव गेलंच, ते काही आता परत येत नाही. तिनं पाठवून दिलं.

मुलीचं उत्तर लगेच आलं. तरुण माणसं उत्तरं अशी फेकतात की आपण अजून श्वासही सोडलेला नसतो. "धन्यवाद. मग दहा हजार लिहिते. एक विनंती आहे. जिथे तुम्हाला नक्की माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' असं लिहाल का? जागा रिकामी दिसली की मला कळत नाही, ती सगळ्यांसाठी रिकामी आहे की फक्त माझ्यासाठी." बस, एवढंच. धीर नाही, दया नाही, राग तर नाहीच. त्याचं तिला फार बरं वाटलं आणि ते वाचून इतक्या वेळानं डोळे भरून आले. पाठोपाठ मॅडमचंही आलं: उद्या दहाला केबिनमध्ये या. त्या एका ओळीत काय आहे ते कळेल म्हणून तिनं ती उलटसुलट वाचून पाहिली. माहीत नाही, असं तिनं मनात लिहिलं.

लेक समोरच बसलेली होती, फोनकडे न बघता. तिनं हात पुढे करून आईच्या हातावर टकटक केलं आणि आई आपल्याकडे बघेपर्यंत थांबली.

"मशीन वाजतंय," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"झाला थोडा वेळ. तू लिहीत होतीस."

ती उठून मशीनपाशी गेली. कोपऱ्यातला हिरवा दिवा लागत होता, विझत होता. रोज दिसत असणार, तिनं कधी पाहिला नव्हता. झाकण उघडलं की तो विझणार, म्हणून तिनं ते उघडलं नाही. भिजल्या कपड्यांचा वास येत होता, अजून ताजा. ती तिथे उभी राहिली, मान किंचित तिरकी करून.

"अजून वाजतंय?" तिनं खोलीकडे तोंड वळवून विचारलं.

"हो," लेक म्हणाली. मग मोठ्यानं, चेहरा नीट समोर ठेवून पुन्हा म्हणाली, "हो, आई. अजून वाजतंय."